शब्दमेघ अर्थात वर्ड क्लाउड : वर्गात कसा वापरायचा?



प्रशिक्षणात, शिक्षण परिषदेत किंवा एखाद्या ऑनलाइन कार्यशाळेत हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. पडद्यावर खूपसे रंगीत शब्द एकमेकांना खेटून बसलेले असतात. काही शब्द भले मोठे, काही मुंगीएवढे. मार्गदर्शक विचारतात, "आदर्श शाळा म्हटलं की काय आठवतं? एका शब्दात लिहा." आपण मोबाइलवर शब्द टाकतो, पडद्यावर ढग फुगत जातो, टाळ्या होतात आणि पुढची स्लाइड येते.

हाच वर्ड क्लाउड. मराठीत त्याला शब्दमेघ किंवा शब्दढग म्हणतात. माझ्या चौथीच्या मुलांना 'शब्दढग' हे नाव जास्त आवडतं.

दिसायला छान असल्यामुळे हे साधन आता अनेक वर्गांत पोहोचलं आहे. पण ढग दाखवला, टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेलो, तर मुलांच्या हाती फक्त एक रंगीत चित्र येतं. माझा अनुभव असा की शब्दमेघातलं खरं शिकणं दोन ठिकाणी होतं : तो तयार करताना आणि तयार झाल्यावर त्याच्याबद्दल बोलताना. म्हणूनच मराठी वर्गात तो आधी हाताने करावा आणि मग संगणकावर, असं मी आग्रहाने सांगते. याची कारणं आणि पद्धत दोन्ही पुढे देत आहे.

शब्दमेघ म्हणजे नेमकं काय?

नियम एकच आहे. जो शब्द जास्त वेळा आला, तो मोठा लिहायचा. जो कमी वेळा आला, तो लहान लिहायचा. म्हणजे शब्दमेघ हे मोजणीचं चित्र आहे. गणितात आपण ताळ्याच्या खुणा, चित्रालेख, स्तंभालेख शिकवतो ना, त्यांचाच हा शब्दांमधला भाऊ समजा.

आपल्याकडे फळ्यावर शब्दजाळं किंवा शब्दचक्र काढायची पद्धत जुनी आहे. मधे 'पाऊस' लिहायचा आणि मुलं सांगतील ते शब्द भोवती लिहायचे. दोन्हींत फरक आहे. शब्दचक्रात कोणता शब्द कशाशी जोडलेला आहे ते रेषांनी कळतं, पण किती मुलांनी तो सांगितला ते कळत नाही. शब्दमेघात किती जणांनी सांगितला ते कळतं, पण शब्दांमधला संबंध कळत नाही. त्यामुळे दोन्हींची कामं वेगळी आहेत.

ही कल्पना संगणकाआधीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७६ मध्ये पॅरिसबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना शहरातली कोणती ठिकाणं आठवतात हे विचारून त्यांनी नकाशा केला. ज्या ठिकाणाचं नाव जास्त जणांनी घेतलं, ते नकाशावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पुढे फ्लिकरसारख्या फोटोंच्या संकेतस्थळांवर असे ढग दिसू लागले. २००८ साली जोनाथन फाइनबर्ग यांनी 'वर्डल' नावाचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. मजकूर टाका, बटण दाबा, ढग तयार! त्यानंतर जगभरच्या शिक्षकांनी ते वर्गात वापरलं. आता वर्डल मागे पडलं आहे. मेंटिमीटर, वर्डआर्ट अशी दुसरी साधनं आहेत.

मराठीत यंत्राची मोजणी कुठे अडते?

हा मुद्दा प्रशिक्षणात सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुढचा उतारा मी वर्गासाठी लिहिला आहे :

"आमच्या गावात एक जुनी विहीर आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कमी होते. तेव्हा आई आणि आजी पाण्यासाठी दूर जातात. पावसाळ्यात विहिरीला भरपूर पाणी येते. विहिरीत पाणी असले की गावाला आनंद होतो. म्हणून आम्ही पाण्याची बचत करतो आणि विहिरीभोवती कचरा टाकत नाही."

हा उतारा कशाबद्दल आहे? दुसरीतलं मूलही सांगेल, विहिरीबद्दल आणि पाण्याबद्दल. आता साधी मोजणी करणाऱ्या साधनात तो टाकला तर काय होईल ते बघा.

'पाणी' ३ वेळा आलं आहे, म्हणून तो शब्द सर्वांत मोठा. त्यानंतर कोण? 'आणि'! तो २ वेळा आला आहे. आणि विहीर? 'विहीर', 'विहिरीचे', 'विहिरीला', 'विहिरीत', 'विहिरीभोवती' हे यंत्राच्या दृष्टीने पाच वेगळे शब्द आहेत. प्रत्येक एकदाच आला, म्हणून पाचही बारीक. म्हणजे ज्या विहिरीवर अख्खा उतारा उभा आहे, ती 'कचरा' या शब्दाएवढीच लहान दिसणार.

असं का होतं? इंग्रजीत 'इन द वेल', 'टु द वेल' म्हटलं तरी 'वेल' हा शब्द तसाच राहतो. जोडणारे शब्द सुटे असतात. मराठीत मात्र प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात आणि चिकटताना मूळ शब्दही बदलतो. विहीरचं विहिरी-, पाणीचं पाण्या-, पाऊसचं पावसा- होतं. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. यंत्राला मराठी व्याकरण शिकवलेलं नसेल, तर त्याला हे सगळे परके शब्द वाटतात.

'आणि'ची गोष्टही तशीच. 'आणि', 'आहे', 'पण', 'तो', 'ती' हे शब्द कुठल्याही मजकुरात सतत येतात. इंग्रजीतले असे शब्द बरीचशी साधनं आपोआप गाळतात. मराठीतले गाळतीलच याची खात्री नाही.

पण आपल्यासाठी ही अडचण म्हणजे संधी आहे. यंत्र जिथे अडखळतं, तिथेच मुलांना शिकायला मिळतं. त्याच उताऱ्यातली फक्त नामं मुलांनी मूळ शब्द शोधून मोजली तर हिशेब असा येतो : विहीर ५, पाणी ५, गाव २. उरलेली सात नामं, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, आई, आजी, आनंद, बचत आणि कचरा, प्रत्येकी १. आता ढग काढला तर विहीर आणि पाणी बरोबरीने मोठे दिसतात. उतारा खरंच कशाबद्दल आहे ते एका नजरेत कळतं. आणि मूळ शब्द कोणता, प्रत्यय कोणता, विहीरमधला दीर्घ 'ही' 'विहिरीला' मध्ये ऱ्हस्व का झाला, हे सगळं मुलं व्याख्या पाठ न करता करतात.

हाताने शब्दमेघ : साहित्य आणि कृती

साहित्य अगदी घरचं आहे. चौकटीची वही, जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, स्केच पेन, पट्टी, आणि जुन्या वह्यांच्या कागदाच्या शब्दपट्ट्या. वेळ साधारण दोन तासिका. चार-पाच मुलांचे गट करा.

१. उतारा निवडा. सुरुवातीला सहा ते आठ वाक्यांचाच घ्या. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद चालेल, मुलांनी स्वतः लिहिलेला असेल तर उत्तम.

२. काय मोजायचं ते आधी ठरवा. चौथीपर्यंत फक्त नामं पुरेत. वरच्या वर्गात विशेषणं किंवा क्रियापदं घेता येतील.

३. मुलं उताऱ्यातल्या नामांखाली रेघ मारतात. इथे वाद होतात, ते होऊ द्या. "आमच्या हे नाम आहे का?" हा प्रश्न हमखास येतो. मी लगेच उत्तर देत नाही, गटाकडेच परत पाठवते.

४. प्रत्येक नामाचा मूळ शब्द वहीत लिहायचा आणि समोर ताळ्याच्या खुणा करायच्या.

५. आता आकार ठरवायचा. एकदा आलेला शब्द एक चौकट उंच, दोनदा आलेला दोन चौकटी, पाचदा आलेला पाच चौकटी. हा नियम मुलांना फार आवडतो, कारण मग कोणाचं अक्षर मोठं यावर भांडण राहत नाही. मोजपट्टीच निकाल देते.

६. शब्द कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. आधी सर्वांत मोठे मधे, मग बाकीचे फटीफटीत.

७. शेवटी प्रत्येक गटाने आपला ढग वाचून दाखवायचा आणि दोन वाक्यं सांगायची : "आमच्या ढगात सर्वांत मोठा शब्द अमुक आहे, कारण..." आणि "एक लहान शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण..."

ही सातवी पायरी गाळू नका. बाकी सगळं तिच्यासाठीच आहे.

पहिली-दुसरीत लिहिणं जड जातं. तिथे चिंचोके वापरा. जमिनीवर शब्दपट्ट्या किंवा चित्रं मांडा. शिक्षकांनी गोष्ट सावकाश वाचायची आणि तो शब्द ऐकू आला की मुलांनी त्या पट्टीवर एक चिंचोका ठेवायचा. ज्या पट्टीवर ढीग मोठा, तो शब्द मोठा. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसत असेल, तर लहान मुलांनी चिंचोके ठेवावेत आणि मोठ्यांनी त्यावरून खुणा करून ढग लिहावा. एकाच कृतीत चारही वर्ग गुंततात.

मोठा शब्द म्हणजे महत्त्वाचा शब्द का?

आता सर्वांत नाजूक भाग. शब्दमेघ पाहिला की डोळा मोठ्या शब्दावर जातो. तो तसाच बनवलेला असतो. पण मोठा शब्द फक्त 'हे जास्त वेळा आलं' एवढंच सांगतो. 'हे जास्त महत्त्वाचं आहे' असं तो सांगत नाही.

एक उदाहरण देते. 'शाळेत मला कशाची भीती वाटते?' यावर माझ्या वर्गातल्या २६ मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर एकेक शब्द लिहिला. मोजणी अशी आली : गणित ९, कुत्रा ६, इंग्रजी ४, पाल ३, अंधार २, मोठी मुलं १, संडास १. ढग केला असता तर 'गणित' नऊ चौकटी उंच झालं असतं आणि 'संडास' कोपऱ्यात एका चौकटीत बसला असता.

ती चिठ्ठी कोणाची होती हे मी शोधलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत जाऊन पाहिलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी निघाली होती. कडी दुसऱ्याच दिवशी बसली. गणिताची भीती घालवायला आख्खं वर्ष लागतं, ही एका दिवसात गेली. पण जिने तो शब्द लिहिला असेल ती कित्येक दिवस पाणी न पिता शाळेत बसत असेल, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून माझ्या वर्गात एक ठरलेली पद्धत आहे. कोणताही ढग झाला की मी आधी सर्वांत लहान शब्द वाचते, मग मोठे. चिठ्ठ्या मुलांच्या मनातल्या गोष्टींच्या असतील, तर मोजणी मी एकटी करते. ज्या शब्दावरून मूल ओळखू येईल, तो शब्द भिंतीवर लावत नाही. पण तो नजरेआड करत नाही.

भाषेच्या बाबतीतही हेच आहे. 'घरी आईला काय हाक मारता?' असं विचारून ढग करून पाहा. 'आई' आणि 'मम्मी' मोठे होतील. 'माय', 'अम्मी', बंजारा घरातली 'याडी' लहान राहतील. वर्गात त्या घरचं एकच मूल असेल, तर त्याचा शब्द नेहमीच एका चौकटीचा राहणार. ढग त्याला बाजूला टाकतोय असं त्याला वाटू नये, हे शिक्षकाने पाहायचं. मी अशा वेळी लहान शब्दाच्या मालकाला पुढे बोलावते आणि तो शब्द सगळ्यांना म्हणायला शिकवायला सांगते. पाच मिनिटांत सगळा वर्ग 'याडी' म्हणतो आणि एरवी गप्प बसणारं मूल शिक्षक झालेलं असतं.

आणखी कुठे वापरता येईल?

पाठ सुरू करण्याआधी : नवीन पाठाचा ढग शिक्षकांनी तयार करून दाखवावा आणि पाठ कशाबद्दल असेल ते मुलांनी ओळखावं. वाचताना आपला अंदाज बरोबर होता का, हे ती आपोआप तपासतात.

घटकाच्या आधी आणि नंतर : परिसर अभ्यासात 'पाणी' हा घटक सुरू करताना प्रत्येकाकडून तीन शब्द घ्या. घटक संपल्यावर पुन्हा तीन घ्या. दोन्ही ढग शेजारी लावा. आधी 'नळ', 'आंघोळ', 'तहान' मोठे असतील, नंतर 'बाष्पीभवन', 'भूजल' दिसू लागतील. जे शब्द यायला हवे होते आणि आले नाहीत, ते पुन्हा शिकवायचे. मुलांपेक्षा आपल्या शिकवण्याचंच मूल्यमापन यातून होतं.

निबंधलेखनात : मुलाने लिहिलेल्या निबंधाचा ढग त्यालाच करायला सांगा. 'छान' आठ वेळा आला असेल तर तो डोळ्यांत भरतो. मग 'छान'ऐवजी सुंदर, चविष्ट, टुमदार, गार असे शब्द शोधायला मूल स्वतःहून निघतं. लाल पेनने आठ गोल करण्यापेक्षा हे बरं.

पालक सभेत : 'माझ्या मुलाने काय व्हावं असं मला वाटतं' यावर पालकांकडून आणि मुलांकडून वेगवेगळे शब्द घ्या. दोन ढग समोरासमोर लावले की सभेत बोलायला विषय शोधावा लागत नाही.

मोबाइल किंवा संगणकावर करताना

हाताने दोन-तीन ढग झाले की मग यंत्राकडे जा. तोवर मुलांना मोजणी कळलेली असते आणि यंत्राची चूक तीच दाखवतात. काही सूचना :

मजकूर युनिकोडमध्ये असावा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर टाकला तर भलतीच अक्षरं उमटतात.

साधनात देवनागरी नीट दिसते का ते घरी तपासा. कधी मात्रा सुटी पडते, जोडाक्षर फुटतं किंवा नुसते चौकोन दिसतात. फॉन्ट बदलण्याची सोय असेल तर बदलून पाहा.

पूर्ण उतारा टाकण्याऐवजी मुलांनी काढलेल्या मूळ शब्दांची यादी टाका. विहीर पाच वेळा, पाणी पाच वेळा. ढग लगेच बरोबर येतो.

दोन शब्दांची नावं तुटतात. 'पाणी टंचाई' हे 'पाणी' आणि 'टंचाई' असं वेगळं होतं. मधे हायफन टाकून पाहा, काही साधनांत चालतं.

शुद्धलेखन सारखं ठेवा. 'पाऊस' आणि 'पाउस' यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. शुद्ध लिहायचं का, या मुलांच्या प्रश्नाला एवढं चांगलं उत्तर दुसरं नाही.

शिवाय मुलांना हेही सांगा की यंत्राने दिलेल्या रंगाला आणि जागेला बहुतेक वेळा काही अर्थ नसतो. आणि लांबलचक शब्द उगाच मोठा वाटतो. 'घर' आणि 'ग्रामपंचायत' सारख्याच वेळा आले तरी 'ग्रामपंचायत' जास्त जागा खाते. म्हणून शब्दाची लांबी पाहायची नाही, उंची पाहायची.

पालकांसाठी

घरी हे करायला ना प्रोजेक्टर लागतो ना इंटरनेट. रविवारच्या वर्तमानपत्रातली एखादी छोटी बातमी घ्या. मुलाला म्हणा, "यात कोणता शब्द सर्वांत जास्त वेळा आलाय, मोजून दाखव." मग दोघांनी मिळून कागदावर ढग काढा. किंवा आजीला तिच्या लहानपणाबद्दल दहा मिनिटं बोलू द्या आणि मुलाने तिचे शब्द टिपावेत. जातं, चूल, बैलगाडी, ओढा असे शब्द आले, की मूल विचारणारच, "जातं म्हणजे काय गं?" तिथे ढग बाजूला राहिला तरी चालेल. आजीला सांगू द्या.

एकच विनंती. मुलाचा ढग वाकडातिकडा झाला तर तो नीट काढून देऊ नका. मोजणी बरोबर आहे का तेवढंच बघा आणि "हा शब्द एवढा मोठा का?" असं विचारा.

थोडक्यात

ढग रोज करू नका, नावीन्य जातं. महिन्यातून एक-दोनदा पुरे. त्याला गुण देऊ नका. सजावटीत तासिका घालवू नका. आणि ढग भिंतीवर लावायच्या आधी त्यातल्या सर्वांत लहान शब्दाजवळ दोन मिनिटं थांबा. मोठे शब्द सगळ्यांनाच दिसतात. लहान शब्द कोणीतरी वाचून दाखवावा लागतो, आणि वर्गात ते काम आपलं आहे.

या आठवड्यात एक सहा ओळींचा उतारा घेऊन सुरुवात करा. मुलांना 'आमच्या हे नाम आहे का?' यावर भांडू द्या. मजा येईल!